सी भाषेतून वेब पान उतरवायचंय? लिबकर्ल घे

सॉकेट उघडून एचटीटीपी स्वतः लिहायच्या भानगडीत आत्ता पडू नकोस. एचटीटीपीएस, म्हणजे त्याचं कूटबद्ध रूप, आलं की हात टेकावे लागतात. डॅनियल स्टेनबर्ग यांची लिबकर्ल ही तयार लायब्ररी घे. तिचा ‘इझी’ इंटरफेस खरंच सोपा आहे: इनिट, सेटऑप्ट, परफॉर्म, क्लीनअप. लिंक करताना कर्ल जोडायला तेवढं विसरू नकोस.

खरी अडचण येते ती राइट कॉलबॅकमध्ये, म्हणजे आलेला मजकूर घेणाऱ्या तुझ्या फंक्शनमध्ये. पान एका दमात येत नाही. तुकड्यातुकड्यांनी येतं, आणि दर तुकड्याला तुझं फंक्शन बोलावलं जातं. म्हणून आधीच्या मजकुरापुढे रिअ‍ॅलॉक करून (म्हणजे मेमरी वाढवून) नवा तुकडा चिकटव. मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट आपणच लावायचा, लायब्ररी लावत नाही. मी तो विसरलो होतो. पानाच्या शेपटाला भलतीच अक्षरं छापली जायची आणि चूक सापडेपर्यंत दोन रात्री गेल्या. शिवाय जितके बाइट मिळाले, नेमका तितकाच आकडा परत कर. कमी परत केलास तर उतरवणं तिथेच थांबतं आणि 23 क्रमांकाची एरर येते.

परफॉर्मने ‘ओके’ म्हटलं म्हणजे पान मिळालंच असं नाही. सर्व्हरकडून 404, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, आला तरी ते ओकेच म्हणतं! सर्व्हरचा हा रिस्पॉन्स कोड लिबकर्लला वेगळा विचार. रीडायरेक्टमागे, म्हणजे सर्व्हरने दाखवलेल्या दुसऱ्या पत्त्यावर, जाणंही मुळात बंद असतं, फॉलोलोकेशन चालू कर. टाइमआउट, म्हणजे थांबायची कमाल वेळ, दे. आणि सर्टिफिकेटची (सर्व्हरच्या ओळखपत्राची) तपासणी बंद करायचा सल्ला कुणी दिला तर कृपा करून ऐकू नकोस.