प्रद्न्या, प्रग्या की प्रग्ना?

प्रश्न: ताई नमस्कार, मुलगी दीड महिन्याची झालीये आणि नाव अजून ठरत नाहीये. मला प्रज्ञा ठेवायचंय. पण नवरा हिंदीभाषक, सासरचे सगळे आत्तापासूनच 'प्रग्या प्रग्या' करतायत आणि माझ्या आईला ते अजिबात ऐकवत नाही, म्हणते चांगल्या नावाचं वाटोळं करताय. नवरा म्हणतो तुमचं 'द्न्य'च चुकीचं, त्यात द आला कुठून? वर मैत्रीण म्हणाली नाव जुनाट आहे. बरोबर उच्चार कुठला, आणि इंग्रजी स्पेलिंग काय करू?
– दोन उच्चारांत अडकलेली आई

उत्तर: आधी भांडण मिटवू, मग स्पेलिंग. तुमच्या नवऱ्याचा प्रश्न अगदी बरोबर आहे, पण मग त्यांना विचारा की 'ग्य'मध्ये ग तरी कुठून आला? ज्ञ म्हणजे ज् अधिक ञ, मोबाईलवरसुद्धा ते अक्षर असंच जोडून बनतं, त्यात द पण नाही आणि ग पण नाही. 'पंच' म्हणताना च च्या आधी जो अनुनासिक येतो ना, तो ञ. आता ज् म्हणून जीभ तिथेच टाळूला ठेवून तो ञ काढून बघा. जमलं? नाहीच जमत पटकन, म्हणून तर प्रत्येक भाषेने आपापली सोय करून घेतली. मराठीत द्न्य, हिंदीत ग्य, गुजरातीत ग्न, आणि बंगालीत तर हे नाव 'प्रोग्गा'सारखं ऐकू येतं. पालीत ज च गळाला आणि 'पञ्ञा' झालं, आणि तोच शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर फिरत फिरत जपानला पोचला तर तिथे झाला 'हान्या'. आता यात आईंनी कोणाकोणावर रागवायचं!

गंमत म्हणजे ज्ञा या धातूचा अर्थ जाणणे, आणि आपलं 'जाणणं' त्यातूनच आलंय, तिथे मात्र आपण ज छान जपलाय. लांबच्या नात्यात बघाल तर जाणणं या अर्थाच्या इंग्रजी 'नो'च्या स्पेलिंगमध्ये जो मुका के बसलाय तोही याच घराण्यातला.

म्हणजे माझं मत सरळ आहे, मराठी बोलताना प्रद्न्या बरोबर, हिंदी बोलताना प्रग्या बरोबर. लेकरू दोन्ही भाषांत वाढणार आहे, आजी एक हाक मारेल, आजोबा दुसरी, आणि ती दोन्हींना ओ देईल. मुलांना याचा काही त्रास होत नाही हो, त्रास मोठ्यांनाच होतो.

जुनाट म्हणाल तर मला नाही पटत. शील, समाधी, प्रज्ञा हे बौद्ध विचारातलं त्रिक, गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो तो स्थितप्रज्ञ, ऐतरेय उपनिषदातलं 'प्रज्ञानं ब्रह्म', इतकं सगळं एका दोन अक्षरी नावामागे आहे. आणि नुसती हुशारी नाही, उमज असलेली बुद्धी असा अर्थ. हल्ली अर्थ शोधूनही सापडत नाही अशी नावं ठेवतात त्यापेक्षा शंभरपट बरं (हे वाचून काही जण चिडणार, चिडू देत).

स्पेलिंगचं मात्र खरंच डोकं लावून ठरवा. पी आर ए डी एन वाय ए लिहिलंत तर मराठी माणूस धडाधड वाचेल, बाहेरचा मात्र 'प्रॅड... निया?' करत अडकेल. जी वाय वालं सगळ्यांना वाचता येतं, पण मग तुमची प्रद्न्या कागदावर कायमची प्रग्या. जे एन हे संस्कृतच्या अभ्यासकांचं, दिसायला मूळ अक्षराशी प्रामाणिक, पण लोक 'प्रजना' वाचतात, त्यामुळे ते सोडाच. मी असते तर घरात दिवसभर जी हाक जास्त ऐकू येते तिचंच स्पेलिंग घेतलं असतं. आणि एकदा जन्मदाखल्यावर जे लिहाल तेच शाळेत, तेच पासपोर्टला, एक अक्षर इकडचं तिकडे नको, नाहीतर मोठेपणी त्या पोरीला दोन्ही माणसं मीच म्हणून सिद्ध करत बसावं लागेल.

प्रश्न: माझं नाव ऋचा. ऑफिसात सगळे रिचा म्हणतात, दर वेळी सुधारू का?
– रुचाच

उत्तर: पहिल्या भेटीत एकदा हसून सांगा, 'रु'. ज्यांच्याशी रोज बोलता त्यांना दुसऱ्यांदाही सांगा. बाकीच्यांना सोडून द्या, कारण ऋ हा मुळात स्वर, रु पण नाही आणि रि पण नाही, तेव्हा वाद घालायला गेलात तर समोरचाही तुम्हाला चूक ठरवू शकतो. फक्त स्पेलिंगमध्ये आर नंतर यू आहे का ते बघा, आय असेल तर त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही.