शोरूममधूनच इन्शुरन्स घ्यावा लागतो का?

नाही, सक्ती नाही. नव्या कारला 3 वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) बंधनकारक आहे, पण तो कुठूनही घेता येतो. 'बाहेरून घेतलात तर डिस्काउंट कमी होईल' असं सेल्सवाला हमखास म्हणतो. तेव्हा दोन्ही कोटेशन लेखी मागा आणि ऑन-रोड किंमतच (टॅक्स, नोंदणी, विमा धरून एकूण) ताडून बघा. एक मात्र खरं, शोरूमच्या पॉलिसीवर त्यांच्याच वर्कशॉपमध्ये कॅशलेस (दुरुस्तीचं बिल विमा कंपनी थेट वर्कशॉपला देते ते) सहसा सुरळीत होतं. बाहेरची घेताना ते वर्कशॉप त्या कंपनीच्या यादीत आहे ना, एवढं विचारा.

बिलात 'हँडलिंग चार्जेस' (गाडी हाताळणीच्या नावाखाली शोरूमने लावलेले जादा पैसे) दिसले तर सरळ काढायला लावा. आमच्या शोरूमने कुरकुरत का होईना, काढले. सर्व्हिसिंगला जॉब कार्ड (गाडीवर करायच्या कामांची यादी) वाचूनच सही करा, नाहीतर इंजिन फ्लश, एसी क्लीनिंग गुपचूप चढतं. ऐकलंच नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915.