संगणक-शंका : रायझन ५६०० घ्यावा की कोअर आय५-१२४००एफ?

प्रश्न : माझे स्टेशनरीचे दुकान असून हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे आणि पत्रव्यवहार ही कामे मी घरच्या संगणकावर करतो. जुना संगणक आता मोडीत काढायचा आहे. चिरंजीव यंदा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असून त्यांना व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ आणि सायबरपंक २०७७ हे गेम खेळायचे आहेत. संगणक जोडून देणाऱ्याने प्रोसेसरचे दोन पर्याय दिले आहेत : एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ. बाकी सामान दोन्हीकडे सारखेच, म्हणजे आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम आणि १०८०पी मॉनिटर. दुकानदार म्हणतो, एएमडी तापतो. मुलगा म्हणतो, रायझनची कॅशे जवळजवळ दुप्पट असल्यामुळे गेम त्यावरच चांगले चालतात. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे, पण त्यावरून निर्णय घ्यावा इतके नाही. हे दोन्ही प्रोसेसर २०२२ मधले आहेत. इंटेलचा जानेवारीत आला आणि एएमडीचा एप्रिलमध्ये. दोन्हींत सहा कोअर (काम करणारे स्वतंत्र भाग) आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या ओळी) आहेत, आणि दोन्हींचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ आहे. माहितीपत्रकात रायझनचा मूळ वेग ३.५ आणि इंटेलचा २.५ गिगाहर्ट्झ छापलेला दिसतो आणि तो पाहून अनेकांना इंटेल फारच संथ असावा असे वाटते. प्रत्यक्षात मूळ वेग म्हणजे ठरलेल्या विजेत प्रोसेसर किमान किती वेगाने चालेल याची हमी असते, आणि गेम खेळताना दोन्ही प्रोसेसर त्याच्या बऱ्याच वर राहतात.

कॅशे म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेली लहान पण वेगवान मेमरी. तिचा मुद्दा चिरंजीवांनी बरोबर हेरला आहे, पण तो अर्धाच मांडला आहे. रायझन ५६०० मध्ये तिसऱ्या पातळीची कॅशे ३२ एमबी आहे आणि १२४००एफ मध्ये १८ एमबी, हे खरे. मात्र कोअरच्या अगदी लगत असलेली दुसऱ्या पातळीची कॅशे रायझनमध्ये प्रत्येक कोअरला ५१२ केबी, तर इंटेलमध्ये १.२५ एमबी आहे. शिवाय रायझनमध्ये कोअर सिलिकॉनच्या एका चकतीवर आणि रॅमशी बोलणारा भाग दुसऱ्या चकतीवर असल्यामुळे रॅमपर्यंतचा फेरा लांबतो आणि तो वाचवण्यासाठी त्याला मोठ्या कॅशेची गरज इंटेलपेक्षा अधिक असते. कॅशेच्या आकड्यांची तुलना एकाच घराण्यातल्या प्रोसेसरांमध्ये करावी. रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये ती ९६ एमबीपर्यंत वाढवली, तेव्हा त्याच पिढीतल्या इतर प्रोसेसरांपेक्षा अनेक गेम ठळकपणे वेगाने चालले. तेथे आकडा बोलतो. दोन वेगवेगळ्या रचनांमध्ये तो तसा बोलत नाही.

आता गेमकडे वळू. पडद्यावर दिसणारी प्रत्येक फ्रेम आधी प्रोसेसर तयार करतो, म्हणजे कोण कोठे आहे, गोळी कोणाला लागली, काय काढायचे आहे हे ठरवतो, आणि मग ग्राफिक्स कार्ड ती रंगवते. या दोघांपैकी ज्याला वेळ जास्त लागतो, त्याच्या चालीने गेम चालतो. सायबरपंक उच्च सेटिंगवर लावला की आरटीएक्स ४०६० आधी दमते, आणि प्रोसेसर यांपैकी कोणताही असला तरी फ्रेमची संख्या जवळपास तीच राहते. गर्दीच्या रस्त्यांवर आणि रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून छाया-प्रतिबिंबे काढण्याची पद्धत) चालू केल्यावर प्रोसेसरवरचा भार वाढतो, हे खरे. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांचे उलटे आहे. त्यांत कार्डाला फारसे काम नसते आणि प्रोसेसर अडतो, पण तो अडतो तो सेकंदाला शेकडो फ्रेम दिल्यानंतर. दोन्ही प्रोसेसरांमधला फरक बहुतेक गेममध्ये काही टक्क्यांचा असतो. कोठे हा पुढे, कोठे तो.

आपण मॉनिटर १०८०पी असल्याचे कळवले आहे, पण त्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, हे लिहिलेले नाही आणि माझ्या दृष्टीने तोच जास्त महत्त्वाचा आहे. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ हर्ट्झवर ६.९ मिलिसेकंद. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर या दोन प्रोसेसरांतला फरक पडद्यावर दिसण्याची शक्यता नाही, आणि त्यासाठी घरात वाद घालण्यापेक्षा १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतलेला बरा.

तापण्याविषयीची समजूत एएमडीच्या जुन्या एफएक्स मालिकेपासून चालत आली आहे; त्यातला एफएक्स-९५९० तब्बल २२० वॅटचा होता. आजच्या जोडीला ती लागू नाही. ५६०० वर ६५ वॅट छापलेले असून तो जास्तीत जास्त ७६ वॅटपर्यंत वीज घेतो. १२४००एफ चाही मूळ आकडा ६५ वॅटच आहे, कमाल ११७ वॅट आहे, पण गेममध्ये तो त्या टोकाला जात नाही. दोन्हींच्या खोक्यात येणारा पंखा पुरतो, आवाज मात्र करतो. एएमडीने ५६०० ची तापमानमर्यादा ९० अंश ठेवली आहे, इंटेलने १२४००एफ ची १००. सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये खोलीचे तापमान जितके चढेल जवळजवळ तितकेच प्रोसेसरचेही चढते, म्हणून कॅबिनेट जाळीदार तोंडाचे घ्यावे. समोर काच लावलेले देखणे कॅबिनेट आपल्याकडच्या उन्हाळ्यात नको.

मदरबोर्डाबद्दल दुकानदाराला नेमके विचारून घ्या, कारण काटकसर बहुधा तेथे केली जाते. रायझनबरोबर ए५२० बोर्ड दिला तर ग्राफिक्स कार्डाला पीसीआय एक्स्प्रेसची (कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या मार्गाची) तिसरी पिढी मिळते, बी५५० दिला तर चौथी. आरटीएक्स ४०६० सोळाऐवजी आठच मार्गिका वापरते, त्यामुळे तिसऱ्या पिढीवर तिची वाट निम्मी होते. कार्डाची ८ जीबी मेमरी भरू लागली की हे जाणवते. इंटेलबरोबर एच६१० दिला तर रॅमसाठी दोनच खाचा मिळतात आणि रॅमचा वेग वाढवता येत नाही. डीडीआर४-३२०० रॅम वापरणार असाल तर या शेवटच्या गोष्टीने काही अडत नाही. रॅम मात्र १६ जीबीची एकच पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्या. एकाच पट्टीमुळे होणारा तोटा या दोन प्रोसेसरांतल्या फरकापेक्षा मोठा असतो. संगणक घरी आल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्सखाली मेमरीवर जा. तेथे वेग ३२०० ऐवजी २१३३ किंवा २४०० दिसला, तर जोडणाऱ्याने बायोसमध्ये (मदरबोर्डातल्या मूळ प्रणालीत) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केलेले नाही. ही गोष्ट आश्चर्य वाटावे इतक्या वेळा राहून जाते.

आपल्या स्वतःच्या कामांपुरते बोलायचे तर हिशेब, एक्सेल, ब्राउझर आणि मराठी टंकलेखन यांत दोन्ही प्रोसेसर निवांत असतील. एका कोअरच्या कामात इंटेल किंचित पुढे आहे, पण एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कऐवजी बसणारी वेगवान साठवण, असेल तर आपल्याला वेग जाणवेल तो तिचा.

आपल्या पत्रात मला खटकले ते १२४००एफ मधले शेवटचे अक्षर. एफ म्हणजे या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही. रायझन ५६०० मध्येही ते नाही. गेमसाठी वेगळे कार्ड असल्यामुळे रोज काही बिघडत नाही. पण कार्ड नादुरुस्त होऊन वॉरंटीत गेले की ते परत येईपर्यंत पडद्यावर काहीच दिसणार नाही, आणि महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-३बी भरण्याची मुदत, कोणासाठी थांबत नाही. एफ नसलेल्या साध्या आय५-१२४०० मध्ये यूएचडी ७३० ग्राफिक्स असते. मॉनिटरची केबल कार्डातून काढून मदरबोर्डाच्या एचडीएमआयला लावली की दुकानाचे काम चालू होते. चिरंजीवांनी पुढे व्हिडिओ संपादन केले तर त्यातले क्विक सिंक (व्हिडिओ वेगाने तयार करणारी सोय) हेही उपयोगी पडेल. म्हणून आपल्यासारख्या घरी, जेथे एकच संगणक गेम आणि धंदा दोन्ही सांभाळतो, मी दोन्ही पर्याय बाजूला ठेवून साधा १२४०० सुचवीन. किमतीतला फरक फारच मोठा निघाला, तर प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची मिळून किंमत जेथे कमी तो पर्याय घ्या, नावाकडे पाहू नका.

पुढे प्रोसेसर बदलण्याची सोय हा मुद्दा दुकानदार काढेल. रायझन ५६०० चे एएम४ आणि १२४०० चे एलजीए१७०० हे दोन्ही सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या खाचा, आता जुने झाले आहेत, त्यामुळे त्यावरून निवड करू नये. ही सोय खरोखर हवी असेल तर एएम५ सॉकेटचा रायझन ५ ७६०० पाहावा. त्यात कामापुरते ग्राफिक्सही आहे, मात्र बोर्ड महाग पडतो आणि रॅम डीडीआर५ च लागते.

प्रश्न : इंटेलचे प्रोसेसर आपोआप खराब होतात असे वाचले. मी नुकताच १२४००एफ घेतला आहे. काळजी करावी का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. तो दोष १३व्या आणि १४व्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांमध्ये, म्हणजे मुख्यतः आय७ आणि आय९ मध्ये, तसेच १३६००के आणि १४६००के यांत आढळला. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असे आणि कालांतराने तो अस्थिर होई. इंटेलने २०२४ मध्ये बायोसमार्फत दुरुस्ती दिली आणि अशा प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आपला प्रोसेसर १२व्या पिढीचा आहे, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

प्रश्न : माझ्याकडे रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड आणि जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड आहे. फक्त प्रोसेसर बदलून ५६०० बसवला तर फायदा होईल का? ५५०० स्वस्त मिळतो, तो चालेल का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : फायदा होईल, आणि या अंकातल्या प्रश्नांपैकी ५६०० च घ्यावा असे नि:शंकपणे सांगता येईल असा हा एकच आहे, कारण आपल्याला बोर्डही बदलायचा नाही आणि रॅमही. प्रोसेसर अडणाऱ्या गेममध्ये फरक चांगलाच दिसेल. जे गेम कार्डामुळे अडतात, त्यांत १६६० सुपर आहे तोवर फारसा नाही. ५५०० घेऊ नका. त्यात आणि ५६००जी मध्ये तिसऱ्या पातळीची कॅशे निम्मी, म्हणजे १६ एमबी आहे, आणि वर म्हटल्याप्रमाणे एकाच घराण्यात हा आकडा महत्त्वाचा असतो.

बदल करताना क्रम चुकवू नका. आधी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरून बायोस अद्ययावत करा. आधी प्रोसेसर बदलला आणि बायोस जुनाच राहिला, तर संगणक सुरूच होणार नाही. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या माहितीला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, कारण एएमडीचे एफटीपीएम (या कुलपाची किल्ली सांभाळणारा सुरक्षा भाग) प्रोसेसरशी बांधलेले असते आणि नवा प्रोसेसर बसवल्यावर विंडोज ती मागते. पहिल्यांदा चालू करताना काळ्या पडद्यावर नवा प्रोसेसर आढळल्याचा इंग्रजी संदेश येऊन वाय किंवा एन दाबायला सांगितले जाईल. की हाताशी असेल तरच वाय दाबा.

जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे एखादा गेम चालवा, म्हणजे कूलरखालची उष्णतावाहक पेस्ट मऊ होईल. मग संगणक बंद करून वीज काढा, कूलरची पकड सोडवा आणि तो सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हलके फिरवत सुटा करा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि पेस्ट घट्ट झालेली असली तर सॉकेटचा दांडा बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून उपसून येतो व पिना वाकतात. नवा बसवताना प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. तो आपल्या वजनाने खाली बसला पाहिजे, दाबावा लागला तर थांबून पुन्हा उचलून पाहा.