मिस्सेत छातीवर मूठ ठेवून म्हणतात ती प्रार्थना कोणती?

मैत्रिणीबरोबर रविवारच्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेला गेलात, तेव्हा सुरुवातीलाच सगळ्यांनी छातीवर मूठ मारत काहीतरी म्हटलं. ते काय आणि छातीवर का मारतात, असं तुम्ही विचारलंय. मी वसईची, लहानपणापासून ही प्रार्थना म्हणत आलेय.

तिचं लॅटिन नाव 'कॉन्फितेओर', म्हणजे 'मी कबूल करते'. मधले शब्द तुम्ही ऐकले असतील: 'मेआ कुल्पा, मेआ कुल्पा, मेआ माक्सिमा कुल्पा'. माझा अपराध, माझाच अपराध, माझा फार मोठा अपराध. मूठ तिथेच छातीवर येते. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात, एक जकातदार मंदिरात लांब उभा राहतो, वर बघायचीही त्याला हिंमत होत नाही आणि ऊर बडवत तो म्हणतो, 'हे देवा, मज पाप्यावर दया कर.' ती खूण तिथली. बोट दुसऱ्याकडे जात नाही, मूठ स्वतःकडे वळते.

ही प्रार्थना मध्ययुगात रुळली आणि १५७०च्या रोमन मिस्सा-ग्रंथात, म्हणजे मिस्सेच्या प्रार्थनांच्या पुस्तकात, तिचा ठरावीक पाठ आला. त्या जुन्या लॅटिन मिस्सेत फादर वेदीच्या पायथ्याशी खोल वाकून एकटेच ती म्हणायचे. मरियामाता, मिखाएल देवदूत, बाप्तिस्मा करणारा योहान, पेत्र, पौल या सगळ्यांसमोर आणि शेवटी 'बंधूंनो, तुमच्यासमोर' कबुली. मग वेदीसेवक, म्हणजे मिस्सेत फादरांना मदत करणारी पोरं, उत्तर द्यायचे: सर्वसमर्थ देव तुमच्यावर दया करो. माझे वडील तेव्हा वेदीसेवक होते. लॅटिनचा अर्थ कळत नव्हता, सगळं घोकलेलं. पण एवढे मोठे फादर आपल्यापुढे वाकतात आणि त्यांच्यासाठी दया आपण मागायची, याचं दडपण त्यांना अजून आठवतं. त्यानंतर पोरं वाकायची आणि तीच कबुली लोकांच्या वतीने द्यायची.

१९७०च्या नव्या मिस्सा-ग्रंथात संतांची नावं कमी झाली आणि फादर व लोक एकत्र म्हणू लागले. एक शब्द मात्र वाढला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात जड आहे. आधी पाप विचाराने, शब्दाने, कृतीने असं होतं. आता त्यात 'जे करायला हवं होतं ते न केल्याने' हेही आलं.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंनी दोनदा हाक मारली होती. माझा कुकर लावायचा होता, 'येते हं' म्हणाले आणि गेलेच नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, त्यांना रात्रभर ताप होता. त्या रविवारी त्या शब्दापाशी आले आणि माझा आवाजच फुटेना. काकू पुढच्याच बाकावर होत्या.

एक लक्षात घ्या, ही प्रार्थना म्हणजे पापनिवेदन, म्हणजे फादरांना आपली पापं सांगून क्षमा मागणं, नव्हे. गंभीर पापासाठी फादरांकडे जाऊन पापनिवेदनच करावं लागतं. तिथे म्हणायची पश्चात्तापाची प्रार्थना वेगळी, ती एकट्याने आणि हळू आवाजात म्हणतात.

पुन्हा गेलात तर तुम्ही नुसते उभे राहिलात तरी चालतं, कुणी काही म्हणत नाही.