वाचक विचारतात : बाजारपेठेतलं जुनं कोकण

प्रश्न : दिवाळीत आम्ही सावंतवाडीला येतोय, सोबत आई आणि दोन लहान मुलं. आईला समुद्रावर चालणं जमत नाही, तर गावातच जुनी घरं, जुनी पेठ असं काही बघता येईल का, आणि खरेदी कुठे करावी? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नक्की या, आणि आईंना घेऊनच या, कारण सावंतवाडी पायी बघायचंच गाव आहे. मध्यभागी मोती तलाव, काठाला राजवाडा, आणि बाजार तिथून हाकेच्या अंतरावर. सकाळी उन्हं चढायच्या आत निघा, आणि पेठेत दुकानाच्या पाटीवर नजर न थांबवता जरा वर बघा. खाली फ्लेक्स आणि एलईडी, पण वर अजून कितीतरी ठिकाणी लाकडी गजांच्या खिडक्या आणि पुढे आलेलं उतरतं छप्पर, म्हणजे खाली दुकान वर बिऱ्हाड. छप्पर एवढं पुढे काढायचं कारण आपला पाऊस, भिंत जांभ्याची आणि जांभा पाणी पितो, म्हणून भिंतीला ओल लागू द्यायची नाही. कौलंही नीट बघा. अर्धगोल नळीची कौलं म्हणजे कुंभाराच्या हातची जुनी पद्धत, आणि चपटी मंगलोरी कौलं नंतरची, बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात 1865 मध्ये कारखाना काढला त्यानंतर ती किनाऱ्याने सगळीकडे पसरली. कुठे उतरवून ठेवलेली कौलं दिसली तर मुलांना त्यावरचा कारखान्याचा छाप शोधायला लावा, खूप रमतात. मला खरंच वाईट वाटतं ते हे की अशी घरं पाडून स्लॅब टाकताना कोणी साधा फोटोसुद्धा काढून ठेवत नाही, तेव्हा तुम्ही तरी काढा, फक्त ओट्यावर कोणी बसलं असेल तर आधी विचारा.

खरेदीसाठी चितार आळी. लाकडी फळं, भाज्या, भातुकली, रंगीत पाट. पूर्वी हे काम हलक्या पांगाऱ्याच्या लाकडात व्हायचं, आता दुसरी लाकडंही वापरतात, तर घेताना लाकूड कुठलं ते विचारा, कारागीर आनंदाने सांगतात. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, बघायला विसरू नका. दशावतारी गंजिफाच्या जोडात 120 गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा, सगळे हाताने रंगवलेले, त्यामुळे किंमत जास्त वाटली तरी त्यावर घासाघीस करू नका प्लीज. मंगळवार मिळाला तर आठवडा बाजारही होईल.

प्रश्न : अलिबागमध्ये बीच सोडून अर्धा दिवस? — एक वाचक, पनवेल

उत्तर : कान्होजी आंग्र्यांची समाधी गावातच आहे (ते 1729 मध्ये गेले), आणि तिथून इस्रायल आळीतलं बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ). शनिवार त्यांचा प्रार्थनेचा दिवस, म्हणून बघायला दुसऱ्या दिवशी जा आणि आत जाण्याआधी परवानगी घ्या.