काखेतल्या सगळ्या गाठी काढून टाकणं खरंच स्वस्त पडतं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की उजव्या स्तनात दीड सेंटीमीटरची कॅन्सरची गाठ, फक्त गाठ काढून नंतर रेडिएशन असं ठरलंय, सोनोग्राफीत काख क्लीन आहे, सर्जन सेंटिनल नोड बायोप्सी (कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचेल त्या काखेतल्या मोजक्या लसिका गाठी काढून तपासणं) म्हणतायत पण रंग, ट्रेसर (त्या गाठी शोधायला टोचतात ते द्रव्य), स्कॅन धरून एस्टिमेट वाढलंय, आणि घरच्यांचा धोशा चाललाय की एकदाच काय त्या काखेतल्या सगळ्या लसिका गाठी काढून टाका, परत ऑपरेशनचा खर्च नको. मग स्वस्तातलं घेऊन रिटायरमेंटचे पैसे वाचवू का?

नका. ऑपरेशन कोणतं ते सर्जन ठरवतील, त्यात मी पडत नाही, पण ‘सगळ्या काढल्या की स्वस्त’ हा हिशोब आहे आणि तो चुकलाय.

तुम्ही शिवणकाम करता, म्हणजे उजवा हात हीच तुमची कमाई. पूर्ण काख साफ केली की बऱ्याचदा दहाच्या वर गाठी जातात, ड्रेन (जखमेतलं पाणी काढणारी नळी) घेऊन घरी यायचं, खांदा आखडतो, फिजिओ लागते, आणि काहींच्या हाताला लिम्फेडीमाची, म्हणजे लसिका साचून येणारी सूज येते ती आयुष्यभर सांभाळावी लागते. सेंटिनलमध्ये मोजक्याच गाठी काढतात त्यामुळे हा धोका बराच कमी, शून्य नाही. अ‍ॅमारोस ट्रायलमध्ये, 2014 चे रिझल्ट, सेंटिनल पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी (म्हणजे त्या गाठींत कॅन्सर सापडलेल्यांपैकी) पूर्ण काख काढलेल्या 23 टक्के जणींना 5 वर्षांनी सूज होती, काखेला नुसतं रेडिएशन दिलेल्यांत 11 टक्के. सूज आली की प्रेशर स्लीव्ह (सूज दाबून ठेवणारी घट्ट बाही) आली, आणि ती रोज वापरून ढिली पडते म्हणून दर काही महिन्यांनी नवी घ्या. जाड कापडावर कात्री चालवताना हात जड झाला की ऑर्डरी आपोआप कमी घेता, हे कुठल्या एस्टिमेटमध्ये येतं सांगा!

परत ऑपरेशनची भीती म्हणाल तर सेंटिनल पॉझिटिव्ह म्हणजे लगेच दुसरं ऑपरेशन असं आता राहिलेलं नाही. झेड-0011 ट्रायलमध्ये तुमच्यासारख्याच, गाठ काढून रेडिएशन घेणाऱ्या, 1-2 सेंटिनल पॉझिटिव्ह असलेल्या बायका होत्या, तिथे 10 वर्षांनी हयात असलेल्या सेंटिनलवर थांबलेल्यांत 86.3 टक्के आणि पूर्ण काख काढलेल्यांत 83.6, म्हणजे जास्त कापून फायदा दिसला नाही. (आधी केमो झाली असेल तर हे आकडे लावू नका.) उलट 2 सेंटीमीटरपर्यंतची गाठ आणि क्लीन सोनोग्राफी असताना सेंटिनलसुद्धा न करता 5 वर्षांचे रिझल्ट तितकेच चांगले आले, ती साउंड ट्रायल, 2023 ची. तेव्हा सर्जनना सरळ विचारा की मला सेंटिनल तरी लागेल का. पण खर्चासाठी अडून बसू नका, कधीकधी पुढची औषधं त्या रिपोर्टवरच ठरतात.

आता पैशाचं. रेडिएशनची रक्कम आधी बाजूला काढा, कारण झेड-0011 मधल्या बहुतेक बायकांनी रेडिएशन घेतलं होतं, काख वाचवायची आणि मग पैसे नाहीत म्हणून रेडिएशन अर्धवट सोडायचं हे चालणार नाही. ऑपरेशन इमर्जन्सी फंडातून, कमी पडलं तर मुदत जवळ आलेली ठेव मोडा, व्याज थोडं जाईल, जाऊ दे. रिटायरमेंटला शेवटी हात. आणि 3-4 महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवा, मशीन बंद राहणार आहे.

विमा कंपनीला ईमेलवरच विचारा, फोनवर नको: ट्रेसरचा खर्च धरतात का, दुसरं ऑपरेशन लागलंच तर ते त्याच क्लेममध्ये का, फिजिओ आणि स्लीव्ह मिळते का. ऑपरेशनच्या आधी दोन्ही हातांच्या घेराची मापं फिजिओकडून तारखेसकट लिहून घ्या, पुढे सूज आलीच तर लवकर कळेल आणि क्लेमलाही कागद लागेल. घरी अधूनमधून तुम्हीच मोजा, टेप तर गळ्यातच असते तुमच्या.