जीवाणूंचे कायटिनेज कायटिनची साखळी नेमकी कशी तोडते?

कायटिन म्हणजे कीटकांच्या कवचात आणि बुरशीच्या पेशीभित्तिकेत आढळणारी शर्करांची लांब साखळी, आणि ती तोडणारे विकर (एन्झाइम) म्हणजे कायटिनेज. सेराशिया मार्सेसेन्स या जीवाणूचे कायटिनेज-बी हे याचे चांगले अभ्यासलेले उदाहरण आहे. त्याच्या गाभ्यात प्रथिनाच्या आठ ताणलेल्या बीटा-पट्ट्या आणि त्यांच्याभोवती आठ मळसूत्री अल्फा-सर्पिले अशी पिंपासारखी रचना असून, तिच्या एका तोंडाशी असलेल्या खोल खाचेत कायटिनची साखळी बसते. तेथील १४४ क्रमांकाचे अमिनो आम्ल, म्हणजे ग्लुटामिक आम्ल, दोन शर्करांना जोडणाऱ्या ऑक्सिजनला प्रोटॉन देते. परंतु तुटणाऱ्या बंधाच्या कार्बनवर हल्ला करतो तो विकराचा नव्हे, तर कायटिनच्याच शर्करेला जोडलेल्या ॲसिटामाइड या नायट्रोजनयुक्त गटाचा ऑक्सिजन, आणि मला तरी या यंत्रणेतील हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. त्यासाठी त्या शर्करेचे कडे नेहमीचा खुर्चीसारखा आकार सोडून नावेसारखे वाकते आणि १४२ क्रमांकाचे ॲस्पार्टिक आम्ल हायड्रोजन बंधाने तो गट योग्य स्थितीत धरून ठेवते. अशा रीतीने तो ऑक्सिजन कार्बनशी जोडला जाऊन तयार झालेला अल्पजीवी, धनभारित ऑक्साझोलिनियम आयन पाण्याच्या रेणूमुळे फुटतो, आणि कार्बनची रचना दोनदा उलटल्यामुळे मूळ बीटा-रूप (त्या कार्बनवरील बंधाची दिशा) कायम राहते. साखळी न सोडता विकर पुढे सरकते आणि प्रत्येक वेळी दोन शर्करांचा तुकडा, म्हणजे कायटोबायोज, सुटा होतो. याच जीवाणूचे कायटिनेज-ए हेच काम साखळीच्या विरुद्ध टोकाकडून करते.